टोकाची गाठ

इसार्बे, ती तीन माहितीपत्रकं आधी काउंटरवरून उचल,
पिठाचे डाग पडतील.
सारागोसाहून एवढी लांब आलीस
आणि विचारतेस एका पाववाल्याला,
घळी उतरायचं शिक्षण कुणाकडे घेऊ.
कुणी सांगितलं माझं नाव? ओरोसियानं?
तिला सांग, उर्बेस आता फक्त पाव भाजतो.

बरं, बस. भट्टी तापायला वेळ आहे.

हे पहिलं. गुळगुळीत कागद, पाच शिक्के, चार भाषा.
शिक्के खोटे नाहीत, मी ओळखतो ती माणसं;
ऑगस्टात एका दोराला बारा-बारा पोरं लावतात
आणि तिसऱ्या संध्याकाळी फोटोसकट प्रमाणपत्र.
दुसऱ्यावर एकही शिक्का नाही, नुसती दाढी.
तीस वर्षं या पाण्यात, म्हणतो.
खरंय. तीच घळ, तोच महिना,
आणि तेच दोन गंजके बोल्ट.

शितावरून भाताची परीक्षा होत असेल,
पावाचं तसं नाही.
वरचं कवच सगळ्यांचंच सोनेरी.
उलटा धरायचा, बुडावर बोटानं ठोकायचं
आणि कान द्यायचा.

तर जा आणि ठोक.
विचार, गेल्या वर्षी किती जणांना नापास केलंत?
विचार, धबधब्याच्या मध्यावर
माझी वेणी डिसेंडरमध्ये अडकली
तर वरचा माणूस काय करेल, किती वेळात?
उत्तर फार ऐकू नकोस, हात बघ.
ज्याला येतं
तो बोलता बोलता हवेतच दोर सोडायला लागतो.
विचार, पाणी बघून माघारी कधी फिरलात?
जो तारीख सांगेल
त्याच्याकडे दोन मिनिटं जास्त थांब.

आणि शेवटी विचार,
वाहत्या पाण्यात दोराच्या टोकाला
गाठ का मारायची नाही.

कड्यांवरचे सगळे मारतात.
तिथं ती जीव वाचवते.
इथं खाली, फेसाळ पांढऱ्या पाण्यात,
माणसानं दोरावरून घसरून सुटून जायचं असतं,
आणि गाठ सुटू देत नाही.

लांबेर होता एक. लिएजचा. कड्यांवरच वाढलेला.
लेखी परीक्षेत त्यानं हेच उत्तर लिहिलं होतं,
माझ्यापेक्षा सुरेख अक्षरात.
चौथ्या दिवशी, थंडीनं ओठ निळे,
त्याच्या हातांनी त्याला न विचारता
टोकाला गाठ मारली.
मी पाहिली. मीच सोडवली.
हसलो, पाठीवर थाप दिली.
पाचव्या दिवशी सही केली.

जूनमध्ये तो मित्रांना घेऊन आला,
बर्फ वितळून पाणी चढलेलं.
चाळीस मिनिटं लटकला.
काढायला गेलेल्यांत मीही होतो;
वर गिधाडं फिरत होती,
ती रोजच फिरतात, त्यात काही नाही.

जगला. दोन बोटं गेली,
आणि काही काही शब्द आठवत नाहीत त्याला.
दर नाताळाला पत्र येतं. दोष देत नाही.
एकदा फोटो होता: बायको, मुलगी, कुत्रा,
मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत
ते प्रमाणपत्र.
सही माझीच. वळणदार.
आणि शिक्का अगदी खरा.

तिसरं पत्रक?
ते ओरोसियाचं.
सगळ्या नव्या पोरांना ती आधी
माझ्याकडे पाव आणायला पाठवते.
का पाठवते ते मला कळतं,
कधी कधी रागही येतो.
कशी शिकवते ते नाही सांगणार,
बहीण आहे माझी, माझी शिफारस धरू नकोस.
तिलाही उलटं धर, ठोक.

पैसे तिथं डब्यात टाक.
आता सरक जरा,
भट्टी तापली.